तिखट पडण्याआधीची वाटी

धाराशिवकडे मटण दोन टप्प्यांत शिजतं. आधी भगुन्यात मटण आणि नळ्या हळद, आलं-लसणाचं वाटण आणि नावाला मीठ लावून परतायच्या. भगुन्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं. ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत सोडायचं आणि ताट पुन्हा भरायचं. मटण बोटचेपं झालं की घरातली जाणती बाई पळीने वरचं पिवळसर, तेलकट चमक असलेलं पाणी वाट्यांत काढून घेते. ही अळणी. त्यानंतरच काळं तिखट, भाजलेलं खोबरं आणि येसूर भगुन्यात पडतो, आणि रस्सा घरातल्या धडधाकट माणसांसाठी तयार होतो.

अळणीची वाटी कुणाला द्यायची हे ठरलेलं असतं. नुकतं भाकरी चघळू लागलेलं मूल, दात गेलेले आजोबा, तापातून उठलेला माणूस, बाळंतीण. कुणाचं हाड मोडलं असेल तर मटणाऐवजी खाटकाकडून चार खूर आणतात आणि त्यांचा पाया रटरटत ठेवतात. आज शहरांत 'बोन ब्रॉथ' नावाने जे विकलं जातं, ते या वाटीचंच शहरी भावंड. न्यूयॉर्कमध्ये 2014 साली एका शेफने 'ब्रोडो' नावाची खिडकी उघडून कागदी पेल्यातून हाडांचा काढा विकायला सुरुवात केली आणि तिथून त्याची लाट उसळली. अळणीचं कूळ मात्र फार जुनं आहे, आणि ते धुंडाळताना तिचा खरा गुण कोणता हेही कळत जातं.

सुरुवात शेळीपासून करावी लागेल. बालाघाटाच्या डोंगररांगांवरचा हा अवर्षणाचा मुलूख. इथे गाय-म्हैस पोसणं प्रत्येकाला झेपत नाही. शेळी मात्र बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर, बांधावरच्या झुडपांवर निभावून नेते. उस्मानाबादी शेळी ही इथली जात. बहुतेक काळी, उंच, लांब कानांची, बऱ्याचदा जुळी देणारी आणि दुष्काळात तग धरणारी. तुळजापूर, लातूर, उदगीर हे तिचं मूळ क्षेत्र. 1982 साली लातूर वेगळा जिल्हा झाला, 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण शेळीच्या जातीचं नाव तेच राहिलं. मोलमजुरी करणाऱ्या घराची ती चालती-फिरती ठेव. पोरीचं लग्न, दवाखाना, बियाणं, अडीनडीला तीच विकली जाते. रोज मटण खाण्याची ऐपत इथे कुणाची नव्हती. देवीचा नवस, तुळजाभवानीच्या नवरात्रातला अजाबळी, जावळ, पीराची कंदुरी, अशा निमित्तांनी बकरा पडायचा. कंदुरीला तर हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली माणसं एकाच पंगतीला बसतात. इतक्या दिवसांनी पडलेल्या बकऱ्याचं काही वाया घालवायचं नाही, हा इथला धर्म. मुंडी, खूर, नळ्या, वजडी, सगळ्याचं काहीतरी होतं. ज्यावर चावायला मांस नाही त्या हाडाचा उपयोग एकच, पाण्यात तासन्‌तास उकळत ठेवणं.

हे पाणी दुबळ्या माणसाला द्यायचं, ही समज आपल्या वैद्यकात पक्की बसलेली आहे. चरकसंहितेत मांसरसाला रोगातून उठलेल्या, वाळलेल्या, बळ गेलेल्या माणसासाठी मोठा मान आहे. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेळीबद्दल एक मजेदार निरीक्षण आहे. तिथे प्राण्यांची विभागणी कोरड्या मुलखातले, पाणथळीतले अशी केलेली आहे. शेळी-मेंढी मात्र कुठेही चरतात, म्हणून त्यांना एका गटात बसवता येत नाही. शेळीचं मांस फार थंड नाही, फार जड नाही, फार स्निग्ध नाही. माणसाच्या शरीरधातूंशी जुळणारं, म्हणून पुष्टी देतं पण बाधत नाही, असा तिथला निर्वाळा आहे.

सुश्रुतसंहिता आणखी नेमकं बोलते. चिकित्सास्थानात हाड मोडलेल्या माणसाचं पथ्य दिलं आहे. साळीचा भात, मांसरस, दूध, तूप, वाटाण्याचं कढण हे द्यावं. मीठ, तिखट, क्षार, आंबट आणि कोरडं अन्न टाळावं. मीठ नावाला आणि तिखट नाहीच, अशी अळणी या पथ्यात जवळजवळ जशीच्या तशी बसते. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात बाळंतिणीसाठी पहिले दिवस पातळ पेज आणि त्यानंतर जव, बोरं आणि कुळीथ घालून शिजवलेला मांसरस भाताबरोबर सांगितला आहे. कुळीथ म्हणजे आपले हुलगे. ज्या घरांत मटण शिजत नाही तिथे बाळंतिणीला हुलग्याचं माडगं देतात. मांसरसाचं शाकाहारी घराण्यातलं नातं ते हेच.

वैद्यकाच्या या धारेला दुसरी येऊन मिळाली ती दख्खनच्या दरबारांकडून. चौदाव्या शतकात गुलबर्ग्याला बहमनी राज्य उभं राहिलं, पुढे राजधानी बिदरला गेली. नळदुर्ग आणि परांडा हे किल्ले त्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या हातांत राहिले. नंतर हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला तो 1948 पर्यंत. या राज्यांबरोबर फारसी वळणाचा स्वयंपाक आला. यखनी म्हणजे हाडामांसाचं साधं पाणी. पाया म्हणजे खुरांचा रस्सा. तो शब्दच फारसीतून आलेला. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त यखनीचं प्रमाण दिलं आहे. दहा शेर मांस, एक शेर कांदा, अर्धा शेर मीठ. बस्स. मसाला नाही. धाराशिवच्या चुलीवरची अळणी याच साध्या वळणाची आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. उमरग्याची हद्द ओलांडली की कर्नाटकातलं बसवकल्याण लागतं. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथल्या सोमेश्वर राजाने 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाच्या कितीतरी पाककृती आहेत. निखाऱ्यावर भाजून दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडलेलं यकृतसुद्धा आहे. त्या स्वयंपाकात मिरी आहे, आलं आहे, हिंग आहे. मिरची नाही, असणारच नाही, कारण ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. माझा तर्क असा की आज आपण ज्याला आजाऱ्याचं अन्न समजतो ती अळणी हाच रश्श्याचा जुना अवतार असावा, आणि काळ्या तिखटाचा झणझणीत रस्सा त्याच्यावर नंतर चढलेला साज. मिरचीने भगुन्याचा ताबा घेतला, तेव्हा ज्यांना ती सोसवत नव्हती त्यांच्यासाठी जुनं पाणी बाजूला काढून ठेवावं लागलं. कोल्हापूरकरांनी त्याच पाण्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचं वाटण घालून पांढरा रस्सा केला. धाराशिवने ते तसंच ठेवलं.

पुढचा धागा थेट युरोपात जातो आणि आपल्या स्वयंपाकघरात परत येतो. 1679 साली द्‌नी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक जाड भांडं मांडलं. आत वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांच्या वर तापतं. भांडं फुटू नये म्हणून पापँने त्याला दाब सोडणारी झडप बसवली. 1681 मध्ये त्याने या यंत्रावर पुस्तक लिहिलं, आणि यंत्राचा हेतू पुस्तकाच्या नावातच सांगितला, हाडं मऊ करणं. गरिबांना फेकून दिलेल्या हाडांतून स्वस्त अन्न मिळावं ही त्याची इच्छा होती. पुढच्या वर्षी त्याने सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं. आपल्या ओट्यावरचा प्रेशर कुकर या भांड्याचाच वंशज. डाळ-भाताआधी तो हाडांसाठी जन्माला आला होता.

पापँची कल्पना पुढे पॅरिसमध्ये वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दार्से या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून जिलेटीन काढून रुग्णालयांत आणि गरिबांच्या अन्नछत्रांत त्याचं सूप द्यायची व्यवस्था उभी केली. मांसाइतकीच ताकद, तीही फुकटच्या हाडांतून, असा दावा होता. रुग्ण कुरकुरू लागले, डॉक्टरांना शंका आली, आणि विज्ञान अकादमीने फ्रांस्वा माजांदी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. कुत्र्यांवर केलेल्या दीर्घ प्रयोगांनंतर 1841 च्या अहवालात समितीने सांगितलं की नुसत्या जिलेटिनावर प्राणी जगत नाही. कारण पुढे उलगडलं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं ट्रिप्टोफॅन शरीराला बाहेरूनच मिळावं लागतं. ते 1901 मध्ये सापडलं, आणि जिलेटिनात ते नसतंच.

कॅल्शियमचं काय? हाड वजनाने साधारण दोन तृतीयांश खनिज, एक तृतीयांश मुख्यतः कोलॅजेन. उकळल्यावर कोलॅजेनचा पीळ सुटतो आणि त्याचं जिलेटीन होऊन पाण्यात उतरतं. खनिज मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. 1934 साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मॅकॅन्स, शेल्डन आणि विडोसन यांनी तान्ह्या मुलांना देतात ती हाडांची आणि भाज्यांची सूपं तपासली. दुधाच्या मानाने त्यांत कॅल्शियम अगदीच थोडं निघालं. लिंबू किंवा चिंच घातली तर थोडं जास्त उतरतं, तरी दुधाची बरोबरी होत नाही. 100 मिलिलिटर दुधात 120 मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. म्हणून पाया प्यायला की हाड लवकर जुळतं, हा समज त्या अर्थाने टिकत नाही. कोलॅजेन प्यायलं की ते थेट गुडघ्यात जाऊन बसतं हेही खरं नाही. पोटात त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते आपल्या गरजेनुसार वापरतं.

मग अळणी देणाऱ्या पिढ्या चुकल्या का? अजिबात नाही. आजारी माणसाची पहिली अडचण असते तोंडाला चव नसणं आणि घशाखाली घास न उतरणं. गरम, वासाने भूक चाळवणारं, पातळ, थोडं मीठ आणि थोडी चरबी असलेलं पाणी तो घेतो. पाणी जातं, क्षार जातात, अंगात ऊब येते, आणि दुसऱ्या दिवशी तो त्यात भाकरी चुरून मागतो. 1978 साली मायामीच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की गरम पाण्याने आणि कोंबडीच्या गरम सुपाने नाकातला शेंबूड लवकर वाहता होतो. थंड पाण्याने नाही. परिणाम अर्ध्या तासात ओसरला, पण सर्दीने नाक चोंदलेल्याला तो अर्धा तासही मोठा असतो. सुश्रुताचं पथ्य पुन्हा वाचा. तिथे मांसरस एकटा नाही. शेजारी भात आहे, दूध आहे, तूप आहे, वाटाणा आहे. पॅरिसच्या अन्नछत्रात जे राहून गेलं ते आपल्या पथ्यात आधीपासून होतं.

घरी पाया करायचा तर घाई नको. खूर खाटकाकडून भाजूनच घ्यावेत. नसतील तर जाळावर धरून केस जाळावेत, सुरीने काळं खरवडावं, पीठ आणि हळद लावून चोळून धुवावेत. खाटकाकडूनच मधून फोडून घेतले तर उत्तम. पहिली उकळी येऊन फेस वर आला की ते पाणी टाकून द्यावं. मग ताजं पाणी, हळद, आलं, लसूण, कांदा, चार मिरी, कोथिंबिरीच्या काड्या. चुलीवर मंद जाळावर चार-पाच तास, कुकरमध्ये शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर पाऊण ते एक तास. मीठ शेवटी, बेतानेच. नीट उतरलेला पाया गार झाला की खरवसासारखा थरथरतो; वरचा चरबीचा थर पळीने काढता येतो. उरलेला लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा, दोन-तीन दिवसांत संपवावा आणि पिण्याआधी प्रत्येक वेळी खळखळून उकळावा. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाचं पथ्य असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

एक कळकळीची विनंती आहे. काही घरांत बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला नुसतं पाणी मिळतं आणि मांस बाकीच्यांच्या ताटात जातं. ताकद पाण्यात उतरली, असं समजून. विज्ञान नेमकं उलट सांगतं. प्रथिनं, लोह आणि जस्त मुख्यतः मांसातच राहतात. म्हणून वाटीत नळी घाला, नळीतला मगज घाला, मटणाचे मऊ तुकडे घाला, शेजारी भाकरी आणि दूध ठेवा. मोडक्या हाडाला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला लागतं ते या सगळ्यातून मिळून मिळतं. दुष्काळी मुलखातल्या माणसांनी वर्षातून मोजक्या वेळा पडणाऱ्या बकऱ्याचा पहिला वाटा घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाच्या नावाने काढून ठेवला, ही अळणीची खरी कमाई आहे. तो वाटा पूर्ण आणि सकस असला पाहिजे, एवढी भर आपल्या पिढीने त्यात घालावी.