एलिनॉर मार्क्स आणि तिचा जोडीदार

थोर माणसांच्या चरित्रात त्यांच्या संसाराचे पान आले की आपण ते लगबगीने उलटतो. कार्ल मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर हिच्याबाबतीत तसे करून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

१८५५ साली लंडनमध्ये जन्मलेली एलिनॉर वडिलांच्या मृत्यूनंतर, १८८४ साली, एडवर्ड एव्हलिंगबरोबर राहू लागली. तो विज्ञानाचा अभ्यासक, फर्डा वक्ता आणि 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडाचा एक इंग्रजी भाषांतरकार. त्याची विभक्त पत्नी हयात असल्याने कायदेशीर विवाह होणे नव्हते. पण एलिनॉरने हे नाते स्नेह्यांना उघडपणे कळविले. १८८६ साली दोघांच्या नावाने स्त्रीप्रश्नावर पुस्तिका निघाली. स्त्री आणि कामगार दोघेही पिळले जातात आणि दोघांनीही आपली सुटका आपणच केली पाहिजे, असा तिचा आशय. त्याच वर्षी एलिनॉरने केलेले फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. त्यातील एमा कादंबऱ्या वाचून प्रेमाविषयी अपेक्षा बांधते आणि निराश होते. एलिनॉरला असा राजपुत्र नको होता. व्यासपीठावर समता सांगणाऱ्याने ती घरातही पाळावी, एवढेच तिचे मागणे. हे मागणे जास्त म्हणायचे काय?

तिने स्वतः काय केले ते पाहा. १८८९ साली लंडनच्या गॅस कामगारांनी संघटना बांधली आणि बारा तासांची पाळी आठांवर आणली. त्यांचा पुढारी विल थॉर्न लहानपणापासून कामाला जुंपलेला, लिहिण्यावाचण्यात कच्चा. त्याचे वाचन आणि अक्षर सुधारायला एलिनॉरने मदत केली. पुढे १९०६ साली थॉर्न पार्लमेंटात निवडून गेला. पाळी संपवून दिव्याखाली अक्षरे गिरवलेल्या आमच्यासारख्यांना त्या शिकवणीचे मोल निराळे सांगायला नको.

इकडे एव्हलिंग उसने घेई आणि फेडीत नसे. इतर स्त्रियांशीही त्याचे संबंध होते. एलिनॉरची मैत्रीण, लेखिका ऑलिव्ह श्रायनर, हिला तो पहिल्यापासून नकोसा वाटे. १८९२ साली त्याची पत्नी वारली, तरी त्याने एलिनॉरशी लग्न केले नाही. जून १८९७ मध्ये मात्र त्याने दुसऱ्याच नावाने एका तरुण नटीशी गुपचूप विवाह केला. तो आजारी पडला तेव्हा शुश्रूषा एलिनॉरनेच केली. त्या दिवसांतले दुःख तिने फ्रेडी डेमुथला पत्रांतून सांगितले. हा मार्क्सच्या घरी काम करणाऱ्या हेलेनचा मुलगा, स्वतः कामगार. ३१ मार्च १८९८ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी, एलिनॉरने आपले जीवन संपविले. चार महिन्यांनी एव्हलिंगही वारला.

ती भोळी होती, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते पटत नाही. एव्हलिंगचे दोष चळवळीत पुष्कळांना ठाऊक होते. पण वक्ता कामाचा होता, आणि घरची गोष्ट खाजगी मानली गेली. मालकाने करार मोडला तर आम्ही फाटकावर सभा घेतो. आपल्यातल्याच कुणी घरात शब्द मोडला, की तिचे नशीब म्हणून गप्प बसतो. एलिनॉरला एका माणसाने फसविले हे खरे. पण त्याला टाळ्या देणाऱ्या सभागृहात आमच्यासारखेच लोक बसले होते, हे विसरू नये.