जखमेचं पदक

नाशिक रोड कॅम्पमध्ये तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस आहे. गनर पंजाबचा असो की तामिळनाडूचा, त्याची भरती, बढती, बदली आणि अंगावर झेललेली जखम यांच्या नोंदी इथल्या कागदांत असतात. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा असलेलं वूंड मेडल, म्हणजे पराक्रम पदक, अशा नोंदीच्या जोरावरच मिळतं. शौर्याची साक्ष इथे कोणी मागत नाही. शत्रूच्या थेट कारवाईत जखम झाली, एवढंच पुरे. हवालदार असो वा ब्रिगेडियर, पदक एकच.

जखमी शिपायाची कदर आपल्याकडे जुनी आहे, पण ती पैशात होई. अफझलखानाच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी जखमा पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिल्याचं बखरकार सभासदाने लिहून ठेवलं आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, बायकांना निम्मं वेतन बांधून दिलं. पुढे पेशवाईत मुलांच्या नेमणुकीला बालपरवेशी म्हणू लागले. त्या शिपायाला छातीवर लावायला काही मिळालं नाही, हे खरं. पण घरात दाणे होते, आणि ही व्यवस्था मला आजही जास्त शहाणपणाची वाटते.

जखमेची खूण गणवेशावर मिरवायची कल्पना बाहेरून आली. अमेरिकेत वॉशिंग्टनने १७८२ मध्ये जांभळ्या कापडाचं हृदय काढलं, पण ते गुणवत्तेसाठी होतं. १९३२ मध्ये ते ‘पर्पल हार्ट’ म्हणून पुन्हा सुरू झालं आणि मग जखमींचं ठरलं. ब्रिटिशांनी १९१६ च्या जुलैमध्ये सोनेरी गोफाची दोन इंची पट्टी काढली. प्रत्येक जखमेला एक, डाव्या बाहीवर, उभी शिवायची. पहिल्या महायुद्धात देवळालीला गोऱ्या सैनिकांसाठी मोठी लष्करी इस्पितळं उभी राहिली होती. तिथल्या खाटांवरच्या कितीतरी जणांना या पट्टीचा हक्क होता. कुठे तो सोन्याचा होन आणि कुठे हा सोनेरी गोफ!

स्वातंत्र्यानंतर परमवीर, महावीर, वीर ही चक्रं १९५० मध्ये आली. जखमेसाठी मात्र काही नव्हतं. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढताना बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे उखळी तोफांच्या माऱ्यात जखमी झाले आणि तरी काम करत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं ते त्या कामाबद्दल. त्याच माऱ्यात त्यांच्या तुकडीतले आणखी चौघे जखमी झाले होते. त्या जखमांना सरकारदरबारी स्वतंत्र नाव नव्हतं.

सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ते लष्कराच्या ईएमई या तांत्रिक विभागाचे जवान. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, एक पाठीच्या कण्यात अडकली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. या माणसाने १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं, तेही विश्वविक्रमासह. जखमी सैनिकासाठी पदक काढायचं आपल्याला सुचलं त्यानंतर, १९७३ मध्ये! पंचवीस वर्षांत पाकिस्तानशी तीन आणि चीनशी एक अशी चार युद्धं होऊन गेल्यावर.

उशीर झाला, पण नियम करणाऱ्याने एक गोष्ट चोख केली. पदकाचा हक्क १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत मागे नेला. त्यामुळे काश्मीरच्या पहिल्या लढाईत जखमी झालेला शिपाईही त्यात आला, आणि पुढे बंडखोरीविरोधी कारवायांत जखमी झालेलेही. होनांचा हिशोब आता पेन्शनच्या नियमांकडे गेला आहे. पदक जखमेची खोली मोजत नाही.

मागे नेलेला हक्क कागदावरच राहू शकतो, कारण तोवर कितीजण पेन्शनीत निघून गावी गेलेले होते. तेव्हा घरात आजोबांची ट्रंक असेल तर उघडून पाहा. डिस्चार्ज बुकात जखमेची नोंद आहे आणि पांढरी-लाल फीत कुठेच नाही, असं दिसलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. आजोबा तोफखान्यात असतील, तर नाशिककरांना पत्राचीही गरज नाही. नाशिक रोडला जाऊन थेट चौकशी करता येईल.