झग्यातले दोन तंत्रज्ञ

२ जानेवारी १९२१, रविवार. पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली सायंप्रार्थना केडीकेए केंद्राने रेडिओवरून ऐकवली. केंद्र सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. वेस्टिंगहाउसचे दोन तंत्रज्ञ, एक कॅथलिक आणि एक ज्यू, गायकवृंदाचे झगे घालून बसले होते. भाविकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून!

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे दोघे मला आपले वाटतात.

सायंप्रार्थना म्हणजे शब्द आणि गाणं. दोन्ही हवेतून सहज गेली. खरा पेच उभा राहिला तो २०२० मध्ये. चर्च बंद, उपासना पडद्यावर. मग प्रभुभोजनाचं काय? घरोघरी समोर ठेवलेली भाकर पडद्यातून पवित्र करायला एपिस्कोपल चर्चने मान्यता दिली नाही. प्रार्थना दुरून चालेल, भाकरीसाठी मात्र एकत्र यावं लागेल.

मी ख्रिस्ती नाही. पण त्याच टाळेबंदीत आजीचे अंत्यसंस्कार मी व्हिडिओ कॉलवर पाहिले. हात जोडले, रडलोही. खांदा देता आला नाही. तारेतून काय जातं आणि काय मागे उरतं, हे मला त्या नकारामुळे नीट कळलं.