शाळेत आलेला पहिला संगणक

शाळेत संगणक असावा की नसावा, हा वाद आता मिटला आहे. तो प्रथम आला तेव्हा त्याच्याकडून काय काम घ्यायचे, हा प्रश्न मात्र पुन्हा तपासण्याजोगा आहे.

१९८१ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ हे यंत्र आणले. त्याच्या ‘बी’ नमुन्याची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे सुमारे बत्तीस हजार इंग्रजी अक्षरे. एखादी लहानशी पुस्तिकाच म्हणा ना! आज्ञावली साध्या कॅसेटवर साठवीत आणि टेपरेकॉर्डर लावून यंत्रात भरीत. वीज गेली की यंत्र सारे विसरे. १९८४ साली भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून हेच यंत्र आपल्या देशातील शाळांत पोहोचले.

यंत्राने मुलाला प्रश्न विचारावेत ही एक वाट. मुलाने यंत्राला शिकवावे ही दुसरी. सातचा पाढा छापायचा असेल तर बेसिक भाषेत सांगावे लागे : एकपासून दहापर्यंत मोज, प्रत्येक अंकाला साताने गुण, उत्तर दाखव. केवळ घोकलेला पाढा येथे उपयोगी नाही. तो कसा तयार होतो हे कळावे लागते. अडचण एवढीच की बेसिकच्या आज्ञा इंग्रजी. मराठी वा उर्दू माध्यमाच्या मुलाला आधी ‘प्रिंट’ आणि ‘इनपुट’ यांचे अर्थ सांगणारे शिक्षक हवे होते. यंत्रासोबत ते खोक्यातून येत नव्हते.

पालकहो, आपला पाल्य आज शाळेच्या संगणकावर यांपैकी कोणत्या वाटेने जातो, हे त्याला एकदा विचारून पाहा.