मैदान कोणी केले, खुर्च्या कोणाच्या?

आपल्याकडे वास्तूंचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. पायाभरणी कोणी केली, देणगी कोणी दिली, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले आणि वास्तूला नाव कोणाचे मिळाले, एवढे सांगितले की इतिहास पुरा झाला. किल्ल्यांचा असा इतिहास लिहिला गेला, देवळांचा लिहिला गेला आणि विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या स्टेडियमांचाही तसाच लिहिला गेला. घमेले कोणी वाहिले, माती कोणी चोपली, हे या इतिहासात येत नाही. कोनशिलेवर एवढ्या नावांना जागा कुठून आणणार, असे कोणी म्हणेल. पण जागा नसणे आणि जागा न देणे यांत फरक आहे. हा फरक ओळखण्यात आपल्या चळवळीचे निम्मे आयुष्य गेले आहे.

मी वाशीम जिल्ह्यात राहून हे लिहितो आहे. आमच्याकडची शेती पावसावरची. ज्यांना शेतीच नाही ती माणसे हंगाम सरला की मुंबई-पुण्याकडे बांधकामावर जातात. मागे राहिलेली त्यांची मुले टीव्हीवर वानखेडे स्टेडियमवरचा सामना पाहतात. कोणी किती धावा काढल्या हे त्यांना पाठ असते. वानखेडे म्हणजे कोण, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ते आमच्या विदर्भातले राजकारणी होते, हे त्याहून थोड्यांना. आणि ते स्टेडियम मुळात का बांधावे लागले, हे कोणी विचारीत नाही. विचारले पाहिजे. कारण त्या उत्तरात आपल्या समाजाचा नकाशा आहे.

भिंतीपूर्वी मैदान होते. मुंबईत किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर देशी पोरे क्रिकेट खेळत. १८७५ मध्ये गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना निघाला. उरलेल्या मैदानावर साहेब लोक घोडे नाचवून पोलो खेळू लागले, टापांनी जमीन उखडू लागली. १८८१ पासून देशी खेळाडूंनी, त्यात पारशी पुढे होते, सरकारकडे अर्ज केले. पुढे सरकारने समुद्राकाठी जमिनी दिल्या, पण जमातवार दिल्या. पारशांना एक, मुसलमानांना एक, हिंदूंना एक. या वाटपात अस्पृश्यांचा रकाना नव्हता. अस्पृश्य हिंदूंत मोजला तर होता, आणि शिवला तर नव्हता.

याच रकान्याबाहेर पळवणकर बाळू उभा होता. चांभाराचे पोर. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडायला लागला. मग गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर गेला. तिथे काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, चुन्याच्या रेषा मारायच्या. साहेबांना सराव हवा म्हणून त्याच्या हाती चेंडू आला. कॅप्टन ग्रेगला त्याने तासन्‌तास चेंडू टाकले. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. बॅट ही मानाची वस्तू होती आणि गोलंदाजी हे राबण्याचे काम. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूला संघात घेतले. पण चहाच्या वेळी त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या पेल्यात, पिऊन फेकून देण्यासारख्या. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात त्याचा वाटा मोठा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ पुष्कळदा हरला, पण बाळूने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये उपकर्णधार केले, तेही त्याच्या भावांनी संघातून अंग काढून घेतल्यावर. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला, तेव्हा कुठे तो दरवाजा उघडला.

बाळूची ही हकीकत मी स्टेडियमच्या इतिहासात का आणतो? कारण मैदान तयार करणारा हात आणि मैदानावर मान मिळवणारा हात हे दोन्ही हात इथे एकाच माणसाचे होते. तरीही व्यवस्थेने पहिला हात विकत घेतला आणि दुसऱ्याला चाळीस अडथळे घातले. पुढच्या सगळ्या वास्तूंत हीच गोष्ट घडली आहे. फरक इतकाच की तिथला रोलर ओढणारा चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही.

१९३३ च्या डिसेंबरात भारतातला पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावर झाला. देशाचा सामना आणि क्लब असा की जिथे देशी माणूस सभासद होऊ शकत नव्हता. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला होता. अँथनी डिमेलो हे त्याचे कर्ते पुरुष. बॅकबेला समुद्र हटवून काढलेल्या जमिनीपैकी सुमारे ९०,००० चौरस यार्ड जमीन चौरस यार्डाला साडेतेरा रुपये दराने सरकारकडून मिळाली. राजेरजवाडे आणि धनिक सभासद यांच्या पैशावर, ग्रेगसन, बॅटली अँड किंग या वास्तुविशारदांच्या आराखड्यानुसार, शापूरजी पालनजी यांच्या कंत्राटात काम झाले. २२ मे १९३६ ला कोनशिला बसली आणि ७ डिसेंबर १९३७ ला उद्घाटन झाले. नाव गव्हर्नराचे : ब्रेबॉर्न. कंत्राटदाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, वास्तुविशारदाचे ठाऊक आहे, जमिनीचा दरही ठाऊक आहे. मजुरीचा दर मात्र या कथेत कुठेच येत नाही.

उद्घाटन झाले त्याच हंगामात पंचरंगी सामने या नव्या स्टेडियमवर भरले आणि हिंदूंचा संघ त्यांत उतरलाच नाही. भांडण कशाचे, तर खुर्च्यांचे. हिंदू जिमखान्याला आपल्या सभासदांसाठी किती जागा मिळणार, यावर क्लबाशी बिनसले. मोकळ्या मैदानावर खेळ पाहायला दोरीबाहेर उभे राहिले तरी चालत असे. भिंत आली, तिकीट आले आणि त्याबरोबर खेळाचा खरा प्रश्न ‘कोण कसा खेळला’ हा न राहता ‘कोण कुठे बसला’ हा झाला. गावकुसाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना भिंतीचे हे काम समजावून सांगायला नको.

त्याच १९३७ मध्ये, वर्षाच्या आरंभी, मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. ज्याला कर्णधार करणे तीस वर्षे सुचले नाही त्याची आठवण इतरांना बाबासाहेबांना पाडण्यासाठी बरोबर झाली. यात बाळूचा राजकीय निर्णय मला पटत नाही. पण त्याचा मोठेपणा वापरून घेणाऱ्यांचा हिशेब त्याहून अधिक डोळ्यांत भरतो.

स्वातंत्र्यानंतर ब्रेबॉर्नवर १९४८ पासून कसोटी सामने होऊ लागले. पण भिंतीच्या आतला वाद मिटला नाही. संघ मुंबई क्रिकेट असोसिएशनचा, खेळाडू तिचे आणि मैदान क्लबाचे. प्रत्येक मोठ्या सामन्याला असोसिएशनने क्लबाकडे जागा मागायच्या आणि क्लबाने मोजून द्यायच्या. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे नागपूरचे माजी महापौर आणि त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. १९७३ मध्ये वाद विकोपाला गेला. दुसऱ्याच्या दारात जागा मागण्यापेक्षा आपले स्टेडियम बांधू, असे ठरले. ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, चर्चगेटच्या रुळांलगत, सरकारी जमीन भाडेपट्ट्याने मिळाली. शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाने आराखडा केला आणि सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभे राहिले.

या भांडणात न्यायाची एक बाजू होती, ती नाकारण्याचे कारण नाही. मूठभर धनिकांच्या क्लबाची मक्तेदारी मोडली. लोकांनी निवडून दिलेला, मराठी बोलणारा माणूस त्या मक्तेदारीसमोर उभा राहिला. बहुजन समाजाच्या हाती आलेल्या सत्तेचे ते एक दर्शन होते. पण सत्ता हाती आल्यावर तिने काय बांधले? पहिल्यापेक्षा मोठी भिंत आणि जास्त खुर्च्या. खुर्च्यांची मालकी बदलली. घमेल्याची मालकी जिथल्या तिथे राहिली.

तो काळही आठवून पाहावा. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत होती. त्यांत भूमिहीन दलित किती होते हे वऱ्हाड-मराठवाड्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारावे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळींत दंगल पेटली होती आणि निषेधाच्या मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव या पँथरचा बळी घेतला होता. त्याच वर्षात, त्याच शहरात, तेरा महिन्यांचा हा विक्रम घडत होता. विक्रम म्हणजे काय? बांधकामात वेग हा नकाशावर नसतो, तो माणसाच्या पाठीत असतो. तेरा महिन्यांत स्टेडियम, याचा अर्थ किती पाळ्या, किती रात्री, किती खाडे कापले, असा प्रश्न कोणत्याही गौरवग्रंथाला पडत नाही.

पहिला कसोटी सामना २३ जानेवारी १९७५ पासून वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. द्विशतक झाले तेव्हा एक प्रेक्षक कुंपण ओलांडून त्याचे अभिनंदन करायला धावला. पोलिसांनी त्याला मारले, प्रेक्षक खवळले, मोडतोड झाली आणि खेळ थांबवावा लागला. काळ्या खेळाडूला मिठी मारायला धावलेला आपला माणूस आणि त्याच्या पाठीवर आपलीच काठी! लोकांसाठी म्हणून बांधलेल्या स्टेडियमने लोकांना आपली जागा पहिल्याच सामन्यात दाखवून दिली.

मजुराची बाजू मात्र मुंबईत नव्हे, दिल्लीत उजेडात आली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी तिथे स्टेडियमे, पूल, खेळाडूंची वसाहत अशी प्रचंड कामे निघाली. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून मजूर आणले गेले. पीपल्स युनियन फॉर डेमॉक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन अभ्यासकांकडून पाहणी करवली आणि न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले. किमान वेतन रोजी सव्वानऊ रुपये होते. त्यातला एक रुपया जमादार, म्हणजे आपल्याकडचा मुकादम, कापून घेत होता. मजुराच्या हाती सव्वाआठ पडत. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही सक्तीची मजुरी आहे, आणि ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ चा भंग आहे. भूक हीसुद्धा सक्तीच आहे. कोणी चाबूक उगारला नाही म्हणून माणूस स्वखुशीने राबला असे होत नाही.

अनुच्छेद २३ काय सांगतो? माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई. महारवतनाची वेठ ज्यांच्या पूर्वजांनी उपसली, जोहार घालीत सरकारी टपाल आणि साहेबाचे सामान गावोगाव वाहिले, त्या समाजात जन्मलेल्या बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने घटनेचा मसुदा केला. वेठ हा शब्द त्यांना पुस्तकात भेटला नव्हता. आता आपल्या भाषेकडे पाहा. बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणतात? बिगारी. घटनेने १९५० मध्ये बेगार बंद केली. मुकादमाच्या वहीत बिगारी अजून हजर आहे. शब्द उगाच टिकत नाही. त्याच्यामागचा व्यवहार टिकतो म्हणून शब्द टिकतो.

या निकालानंतर चौदा वर्षांनी, १९९६ मध्ये, बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला. हे पाऊल लहान नाही. पण उपकरातून मिळणारा लाभ नोंदलेल्या कामगाराला मिळतो, आणि जो आज मुंबईत, उद्या सुरतेत, परवा गावात असतो त्याची नोंद कोण करणार? हजेरीपटावर नाव असणे हा आजही अर्धा हक्क आहे.

इकडे वानखेडे स्टेडियम २०११ च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधले गेले. सुमारे ४५,००० जागा होत्या, त्या सुमारे ३३,००० राहिल्या. २ एप्रिलच्या अंतिम सामन्याची जेमतेम ४,००० तिकिटे सर्वसामान्यांना विकायला काढणार, असे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले. बाकीच्या जागा क्लब, मंडळे आणि पाहुणे यांच्या. म्हणजे १९३७ आणि १९७३ चा खुर्च्यांचा तंटा संपला नाही, फक्त मागणाऱ्यांच्या रांगेतून सामान्य माणूस गळला. मे २०२५ मध्ये तिथल्या स्टँडांना नवी तीन नावे देण्यात आली : शरद पवार, अजित वाडेकर आणि रोहित शर्मा. त्या तिघांत पळवणकर बाळू नाही.

मग मागणी कोणती करायची? बाळूच्या नावाचा स्टँड? जरूर करावी, पण तेवढ्यावर थांबलो तर आपणही कोनशिलेचाच इतिहास लिहू. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने जिल्ह्याला आणि तालुक्याला क्रीडासंकुल देण्याचे ठरवले. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे आमचे तालुके. स्टेडियम आता फक्त मुंबईची गोष्ट राहिलेली नाही. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना या कामाला लावावे : गावातल्या, तालुक्यातल्या कोणत्याही सार्वजनिक बांधकामावर कोण राबले, रोजी काय मिळाली, मुकादमाने किती कापली, बायांना पुरुषांपेक्षा किती कमी दिले, हे घरोघर विचारून लिहून काढा. कार्यकर्त्यांनी हजेरीपट मागावेत. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. ज्या मुलाच्या बापाने घमेले उचलले त्या मुलाला त्या मैदानावर फुकट खेळता येते का, हेही तपासावे. येत नसेल तर ते मैदान कोणाच्या पैशाने झाले, हा प्रश्न तालुक्याच्या कचेरीत मोठ्याने विचारावा.

बाळू रोलर ओढत चेंडूपर्यंत पोहोचला, ही एका माणसाची कर्तबगारी होती. रोलर ओढणाऱ्या प्रत्येकाला मैदानावर हक्क असणे, ही समाजाची कर्तबगारी ठरेल. ती अजून बांधायची आहे.