नोकरी की शिक्षण? 1946 साल काय सांगते

मोझरी-तिवस्याची कितीतरी पोरं-पोरी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, अमरावतीच्या दुकानांत, दवाखान्यांत कामाला जातात. त्यातल्या कुणी परीक्षेसाठी सुट्टी मागितली की ऐकावे लागते, "नोकरी कर, नाहीतर शीक." हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ज्याच्या घरी बसून खायला आहे त्यानेच कॉलेजात जावे, असा त्याचा अर्थ होतो. आणि बसून खायला कुणाकडे होते, ते जातीचा इतिहास सांगतो.

हा पेच जोतिरावांनी ओळखला होता. 1855 मध्ये त्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. कष्टकऱ्याने शाळेची वेळ गाठावी असे न म्हणता, त्यांनी शाळाच कष्टकऱ्याच्या वेळेवर आणली.

बाबासाहेबांनी तर हा पेच स्वतः भोगला. 1913 मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेताना दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला. मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, नोकरी सोडली, मित्राकडून कर्ज घेतले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही शिकण्यासाठी नोकरी सोडावी लागली!

म्हणून 1946 हे साल आम्ही महत्त्वाचे मानतो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे 54 तास 48 वर आले. त्याच वर्षी 20 जूनला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथे सकाळचे वर्ग होते, म्हणजे शिकून कामावर जाता यावे. कामाचे तास कमी करणे आणि कॉलेजची वेळ बदलणे, ही एकाच लढ्याची दोन टोके आहेत.

पुढे काय झाले? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1974 मध्ये पगारी शैक्षणिक रजेचा करार क्रमांक 140 केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. केंद्र सरकारच्या कायम कर्मचाऱ्याला 1972 च्या नियमांनुसार अभ्यासरजा मिळते. पण साधारण पाच वर्षे सेवा झाल्यावर, विषय कामाशी जोडलेला असेल तर, आणि बंधपत्र लिहून दिल्यावर. तीसुद्धा हक्क म्हणून नाही, साहेबांच्या मंजुरीने. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला तेवढेही येत नाही. आणि आज कंत्राटात सर्वात जास्त कोण आहेत, हे वस्तीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये उभारलेल्या गुरुकुंजात श्रम, प्रार्थना, शिक्षण यांना एकाच दिवसात जागा मिळाली. वेळ बसवायची इच्छा असली की ती बसते. म्हणून आमची मागणी साधी आहे : परीक्षेच्या दिवशी पगारी सुट्टी, वर्गाला सोयीची पाळी, आणि हे कंत्राटी कामगारालाही, कायद्याने. शिक्षणासाठी हात जोडायचे दिवस संपले पाहिजेत. हक्क मागा, संघटित होऊन मागा!

जय भीम!