तिशीनंतर नेपथ्याचे शिक्षण : अर्ज कोठे, तयारी कशी?

जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, आणे घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पठारावर पाऊस कमी आणि शेती बेभरवशाची. श्री रंगदास स्वामींच्या यात्रेमुळे आणि त्या यात्रेतील आमटी-भाकरीच्या महाप्रसादामुळे आणे गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. याच तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या देण्यासाठी जमतात. फडाचा मालक, सरदार, सोंगाड्या यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. मात्र दिवस मावळायच्या आत मोकळ्या रानात कनात उभारणारी, फळ्यांचा मंच बांधणारी, पडदा आणि दिवे टांगणारी माणसे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. हे काम वर्षानुवर्षे केलेल्या एखाद्याला पस्तिशीत त्याचे रीतसर शिक्षण घ्यावेसे वाटले, तर त्याच्यापुढे कोणते मार्ग आहेत?

नेपथ्य म्हणजे केवळ देखावा नव्हे. नटाला कोठून प्रवेश करता येईल, शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला काय दिसेल, दोन अंकांच्या मधल्या वेळेत काय हलवता येईल आणि हे सारे एका ट्रकमध्ये बसेल का, या सर्वांचा त्यात विचार असतो. ब्रिटनमधील नाट्यशाळांत रचनाकार आणि दृश्य रंगविणारा चित्रकार यांचे अभ्यासक्रम वेगळे असतात. तेथे पदवीला एकवीस वर्षांनंतर प्रवेश घेणाऱ्याला ‘प्रौढ विद्यार्थी’ म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आपल्याकडे नेपथ्य बहुधा नाट्यशिक्षणाचा एक भाग म्हणूनच शिकविले जाते आणि वयाचा प्रश्न लगेच आडवा येतो.

सर्वांत नामांकित संस्था म्हणजे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यालयाला खरी शिस्त लावली ती पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी. १९६२ ते १९७७ या त्यांच्या कारकिर्दीत रंगमंच-रचना हा अभ्यासाचा गंभीर विषय झाला. येथील पदविका तीन वर्षांची आहे. पहिले वर्ष सर्वांना समान असते आणि पुढे अभिनय किंवा रचना-दिग्दर्शन यांपैकी दिशा निवडावी लागते. अर्जासाठी कोणत्याही शाखेची पदवी, किमान सहा नाट्यप्रयोगांतील सहभाग आणि हिंदी-इंग्रजीचे कामापुरते ज्ञान अशा अटी राहिल्या आहेत. कमाल वय तीस वर्षे ठरविलेले असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळत आली आहे. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी मनात विचार आला, तर तो पुढे ढकलण्यात अर्थ नाही. पहिली चाळणी निवडक शहरांतील केंद्रांवर होते आणि त्यातून निवडलेल्यांना काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी दिल्लीला बोलावले जाते.

खरी अडचण असते ती अनुभवाच्या पुराव्याची. तमाशाच्या फडात दहा हंगाम काढलेल्या माणसाकडे कागद एकही नसतो, तर शहरातील महाविद्यालयीन तरुणाकडे एकांकिका स्पर्धांच्या प्रमाणपत्रांची चळत असते. हा भेद अन्यायाचा आहे, पण तो भरून काढता येतो. फडमालकाकडून किंवा गावच्या नाट्यमंडळाकडून वर्ष, प्रयोग आणि केलेले काम स्पष्ट लिहिलेले पत्र घ्यावे. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेत भाग घेणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर दोन हंगाम काम करावे. तेथे नेपथ्यासाठी वेगळी पारितोषिके असतात आणि कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापले जाते. पुरुषोत्तम करंडकाचा दरवाजा मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच उघडतो.

राज्यात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७), मुंबई विद्यापीठाची कलिना येथील नाट्यकला अकादमी (२००३) आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग येथे नाट्यशिक्षणाचे पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. ते मराठी रंगभूमीच्या अधिक जवळचे आहेत. वयाची व पात्रतेची अट त्या-त्या वर्षीच्या प्रवेशसूचनेत पाहूनच फी भरावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये. आण्याहून रोज पुण्याला जाऊन-येऊन हे शिक्षण होण्यासारखे नाही. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे राहण्याचा खर्च आणि घरच्या शेतीची सोय यांचा हिशेब अर्जाआधीच मांडावा. पदवी नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती नोकरी-शेती सांभाळून मिळविता येते.

तिशी ओलांडलेल्यांसाठी पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट हा एक वेगळा पर्याय आहे. तेथील कलादिग्दर्शनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कमाल वयाची अट नाही. पण चित्रकला, उपयोजित कला, शिल्पकला, वास्तुकला, अंतर्गत सजावट अशा विषयांतील पदवी किंवा समकक्ष पदविका लागते. या वास्तूशी नेपथ्याचे नाते जुने आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी १९२९ मध्ये सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ काढली. १९३३ मध्ये ती पुण्यात आली आणि त्याच स्टुडिओच्या जागेत १९६० साली ही संस्था उभी राहिली. या मंडळींपैकी कोणाकडेही नेपथ्याची पदवी नव्हती.

अर्जासोबत किंवा मुलाखतीत दाखविण्याच्या कामाविषयी अनेकांचा गैरसमज असतो. सुंदर चित्रे पुरेशी नसतात. एकाच नाटकाचा प्रमाणबद्ध तलनकाशा, समोरून दिसणारे रेखाटन, पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती आणि प्रत्यक्ष उभ्या केलेल्या मंचाची छायाचित्रे असा एकसलग संच अधिक बोलका ठरतो. पंचवीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर हे प्रमाण प्रतिकृतीला सोयीचे. फसलेली रचना आणि ती का बदलली याची टिपणेही जोडावीत. परीक्षकांना विचारप्रक्रिया पाहायची असते. तमाशाच्या मंचाचे काम केलेल्याने ते लपवू नये. वीस मिनिटांत उभा राहणारा, खडकाळ जमिनीवरही न डगमगणारा मंच कसा बांधला, हे नकाशासह मांडता आले तर ते शहरी उमेदवाराकडे नसलेले भांडवल आहे.

यांपैकी कोठेही दार उघडले नाही, तर व्यावसायिक नेपथ्यकाराकडे उमेदवारी हा जुना मार्ग आजही बंद झालेला नाही. त्यात प्रमाणपत्र मिळत नाही आणि सुरुवातीला मोबदलाही तुटपुंजा असतो. पण सुतारकाम, रंग, कापड, विजेची जोडणी आणि गाडी भरण्याची रीत एकाच ठिकाणी शिकता येते. विद्यापीठांच्या प्रवेशसूचना बहुधा उन्हाळ्यात निघतात. यात्रांचा हंगामही नेमका तेव्हाच असतो, म्हणून कागदपत्रे दिवाळीपर्यंतच गोळा करून ठेवलेली बरी.